लंडनचा हिऱ्यांचा बाजार आफ्रिकेत का गेला?

प्रश्न : माझा धाकटा मुलगा सुरतेत कच्च्या हिऱ्यांच्या वर्गवारीचं काम करतो. त्याचे मालक त्याला आफ्रिकेत, बोट्स्वाना देशातल्या गॅबोरोनला पाठवायचं म्हणतात. डी बीअर्स कंपनी आधी लंडनला माल विकायची, आता तिथून विकते, असं तो सांगतो. एवढी मोठी कंपनी लंडन सोडून तिकडं का गेली? मजुरी स्वस्त म्हणून? आणि मुलाला पाठवावं का?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, मजुरीचा यात संबंध नाही. पैलू पाडायला बोट्स्वाना सुरतेपेक्षा बराच महाग पडतो. म्हणून तर जगातले बहुतेक हिरे आजही सुरतेतच घासले जातात. डी बीअर्सची विक्री गॅबोरोनला गेली, कारण तिथल्या सरकारनं ती मागून घेतली. माझी नोकरीची सगळी वर्षं मुंबईत ऑपेरा हाऊसच्या हिरेबाजारात, वर्गवारीच्या टेबलावर गेली. पंचवीस लाखांच्या आसपास वस्तीच्या देशानं हे घडवून आणलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

बोट्स्वाना १९६६ साली स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. १९८२ मध्ये ज्वानेंगची खाण सुरू झाली. मालाच्या किमतीचा हिशेब केला, तर ही जगातली सर्वांत श्रीमंत हिऱ्याची खाण. या खाणी चालवते डेबस्वाना, आणि तिच्यात सरकार आणि डी बीअर्स निम्मेनिम्मे भागीदार. खुद्द डी बीअर्समध्येही सरकारचा १५ टक्के वाटा आहे. तरीही माल जमिनीतून निघायचा आणि लंडनची वाट धरायचा. तिथं तो दक्षिण आफ्रिका, नामिबिया, कॅनडाच्या मालात मिसळला जायचा आणि वर्षातून दहा वेळा ठरावीक गिऱ्हाइकांपुढं त्याचे बॉक्स मांडले जायचे. या विक्रीला धंद्यात ‘साइट’ म्हणतात. बॉक्स बघायचा, किंमत ऐकायची, घ्यायचा नाहीतर सोडायचा. घासाघीस जवळपास नाहीच.

खाणपट्टे आणि विक्रीचे करार मुदतीचे असतात. बोट्स्वानाचा जोर तिथंच होता. ज्वानेंगच्या पट्ट्याची मुदत वाढवताना सरकारनं वर्गवारीची नवी भागीदारी कंपनी गॅबोरोनमध्ये काढायला लावली. सप्टेंबर २०११ मध्ये विक्रीचा दहा वर्षांचा नवा करार झाला, तेव्हा मागणी आणखी पुढं गेली : आमचाच काय, तुमच्या सगळ्या देशांतला माल इथं आणा, इथंच मिसळा, इथूनच विका. शिवाय डेबस्वानाच्या उत्पादनातला काही हिस्सा आम्ही स्वतः विकणार. त्यासाठी ओकावांगो डायमंड कंपनी ही सरकारी कंपनी निघाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये गॅबोरोनला पहिली साइट भरली आणि लंडनची फेरी करणारे आपले गुजराती व्यापारी तिकडं विमानानं जायला लागले. २०२५ च्या फेब्रुवारीत झालेल्या करारात सरकारी कंपनीचा हिस्सा ३० टक्के झाला. तो टप्प्याटप्प्यानं ५० टक्क्यांवर जायचा आहे आणि खाणपट्टे २०५४ पर्यंत वाढलेत.

विक्रीची जागा बदलून एवढं काय साधलं, असं तुम्हाला वाटेल. आपल्या सांगोल्याचं डाळिंब बघा. बाग शेतकऱ्याची, पण प्रतवारी व्यापाऱ्याच्या शेडमध्ये झाली की दर व्यापारीच सांगतो. आपल्या क्रेटमध्ये नेमकं काय होतं, हे शेतकऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. बोट्स्वानाचं कित्येक वर्षं तसंच चाललं होतं.

तुमचा मुलगा जे काम करतो, त्याची खरी किंमत इथं आहे. कच्चा हिरा बघायला साधा असतो, तुरटीच्या खड्यासारखा. पांढऱ्या कागदावर तो चिमट्यानं फिरवायचा. आधी आकारमान, मग घाट, मग आतला डाग, शेवटी रंग. किंचित पिवळी झाक हुकली की अख्ख्या पाकिटाचा भाव चुकतो. अशा हजारो प्रतवाऱ्या आहेत. आम्ही मुंबईत उत्तरेच्या खिडकीशी बसायचो, कारण तिकडून सहसा थेट ऊन येत नाही. गॅबोरोनला सूर्य कायम उत्तरेकडून फिरतो, म्हणून हा स्थिर उजेड दक्षिणेच्या खिडकीतून मिळतो. आता दिवे आले आहेत, तरी मुलाला हे सांगून ठेवा. वेगवेगळ्या देशांचा माल एका टेबलावर मिसळताना बघायला मिळणं ही आमच्या वेळी लंडनच्या मोजक्या माणसांची मिरास होती. आज बोट्स्वानाची मुलं-मुली ते करतात. मला यातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

पैलू पाडायच्या कामाचं मात्र तसं झालं नाही. गॅबोरोनला कारखाने निघाले, पण सुरतेसारखा रोजगार उभा राहिला नाही. त्यात प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्यांनी भाव पाडले, खाणींना उत्पादन कमी करावं लागलं. देशाची तिजोरी हिऱ्यावर चालते, त्यामुळं तिथं सध्या ओढाताण आहे. डी बीअर्सची मुख्य भागीदार अँग्लो अमेरिकन, तिनं तर २०२४ मध्ये डी बीअर्समधून बाहेर पडायचं जाहीर केलं.

माझं मत विचाराल तर मुलाला पाठवा, पण चार गोष्टी लेखी घेऊन. कामाचा आणि राहण्याचा परवाना कंपनी काढणार का, आणि किती मुदतीचा? पगार पुलात की रुपयांत? पुला हे तिथलं चलन. धंदा मंदावून मुदतीआधी परत यावं लागलं, तर सुरतेची जागा राहील का? आणि काम नक्की कुठलं, कच्च्या मालाच्या टेबलावर की कारखान्याच्या देखरेखीचं? देखरेखीचं असेल तर मी घाई करणार नाही. टेबलावरचं असेल तर तिथल्या मुलांना शिकवण्याची जबाबदारीही येईल, कारण परदेशी माणसानं स्थानिकांना तयार करावं अशी तिथल्या सरकारची अपेक्षा असते. ती त्यानं मनापासून पार पाडावी.

भाषेची काळजी नको, कामकाज इंग्रजीत चालतं. जून-जुलैत तिथं हिवाळा असतो, रात्री कडक थंडी पडते. सोलापूरची एक जाड चादर बॅगेत टाका.