कायोटी मारायला परवाना लागत नाही म्हणतात, पण तुम्हाला लागेल

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: ते ऑस्टिनला एच-१बी व्हिसावर नोकरी करतात. एक अमेरिकी नागरिक आणि एक ग्रीन कार्डधारक अशा दोन मित्रांबरोबर त्यांनी टेक्सासच्या लानो काउंटीत चाळीस एकर रान घेतलं आहे. शेजारचा रँचवाला शेळ्या पाळतो. त्याचं म्हणणं, कायोटी (कोल्ह्या-लांडग्यासारखा तिथला रानटी प्राणी) हरणांची पाडसं खातात, दिसेल तो मारा, परवाना लागत नाही. त्यासाठी आपली एक रायफलही त्यानं यांच्या केबिनमध्ये आणून ठेवली आहे. डिसेंबरात सासरे कोल्हापूरहून येणार आहेत. त्यांच्याकडे पीकसंरक्षणाचा बंदूक परवाना आहे आणि त्यांना हरणाची शिकार करायची आहे. यात कायद्याची अडचण येईल का?

येईल, आणि ती हरणाची किंवा कायोटीची नसून बंदुकीची आहे. म्हणून ती रायफल आणि तिच्याबरोबर आलेली काडतुसं आजच परत पाठवा. तुम्ही स्वतः उचलू नका. नागरिक असलेल्या मित्राला नेऊन द्यायला सांगा.

शेजारी सांगतो ते त्याच्यापुरतंही अर्धंच खरं आहे. टेक्सासच्या आरोग्य आणि सुरक्षा संहितेचं कलम ८२२.०१३ म्हणतं की पाळीव जनावरांवर किंवा कोंबड्यांवर हल्ला करत असलेला, करण्याच्या बेतात असलेला किंवा नुकताच करून गेलेला कायोटी मारता येतो आणि त्यासाठी शिकार परवाना लागत नाही. त्याच्या शेळ्यांना हे संरक्षण आहे. तुमच्या रानातून चाललेल्या कायोटीला ते लागू नाही, कारण रानातलं हरणाचं पाडस हे कुणाचं पाळीव जनावर नव्हे. एरवी कायोटीला हंगामाची किंवा संख्येची मर्यादा नसली तरी शिकार परवाना लागतोच. रानडुकरांचं तेवढं वेगळं आहे: १ सप्टेंबर २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीनं ती विनापरवाना मारता येतात.

आता तुमचा मुद्दा. या सगळ्या सवलती टेक्सास राज्याच्या आहेत. तुमच्यावर त्याशिवाय केंद्राचा कायदा आहे, आणि तो सवलतीच्या उलट दिशेनं चालतो. १८ यू.एस.सी. (केंद्रीय कायद्यांची संहिता) ९२२(जी)(५) नुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या, व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. एच-१बी, एच-४ (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा), बी-२ (पर्यटकाचा) हे सगळे यात आले, म्हणजे तुमची पत्नी एच-४ वर असेल तर त्याही आल्या. अपवाद मोजके आहेत. तुमच्या कामाचा एकच: अमेरिकेत कायदेशीररीत्या दिलेला, मुदतीत असलेला शिकार परवाना जवळ असणं. म्हणजे टेक्सास ज्या रानडुकरासाठी परवाना मागत नाही, त्या रानडुकरावर गोळी झाडतानाही तुमच्या खिशात परवाना हवा. तो शिकारीसाठी लागतो म्हणून नव्हे, बंदूक हातात धरण्यासाठी लागतो.

लोक इथे फसतात ते तारखेत. टेक्सासचा वार्षिक शिकार परवाना कधीही काढला तरी ३१ ऑगस्टला संपतो. नव्या वर्षाचे परवाने १५ ऑगस्टच्या सुमारास विक्रीला येतात. हरणाचा हंगाम नोव्हेंबरात म्हणून ऑक्टोबरात परवाना काढू असं म्हणणारा माणूस सप्टेंबरभर कपाटातल्या बंदुकीमुळे गुन्ह्यात असतो, गोळी न झाडताही. तेव्हा नवा परवाना ऑगस्टमध्येच घ्या आणि त्याची छापील प्रत बंदुकीबरोबर ठेवा. शिक्षा २०२२ च्या दुरुस्तीनंतर पंधरा वर्षांपर्यंत आहे, आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास देशाबाहेर काढलं जाऊ शकतं.

नोकरी गेली तर? एच-१बीला जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत मिळते. ती संपून दर्जा गेला की शिकार परवाना तुम्हाला वाचवत नाही, कारण तो अपवाद बेकायदा राहणाऱ्यांसाठी नाही. हमीद रेहैफ या विद्यार्थ्याचा खटला याच स्वरूपाचा होता. विद्यापीठानं काढून टाकल्यावर त्याचा व्हिसा दर्जा संपला, आणि नंतर तो फायरिंग रेंजवर जाऊन बंदूक चालवून आला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की आपला दर्जा काय आहे हे आरोपीला ठाऊक होतं, हे सरकारला सिद्ध करावं लागेल. तुमच्याकडे मात्र कामावरून काढल्याचं पत्र आणि आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) दोन्ही असतील, तेव्हा ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायला जागा उरणार नाही. तोवर तुम्ही स्वतःची बंदूक घेतली असेल, तर साठ दिवस संपायच्या आत ती विकून टाका.

केबिनबद्दलही स्पष्ट सांगतो. बंदूक हातात नसली तरी तिच्यापर्यंत पोचण्याचा अधिकार आणि इरादा असेल तर कायदा तो ताबा मानतो. मित्रांच्या बंदुका तिथे राहणार असतील तर स्वतंत्र तिजोरी घ्या आणि तिची किल्ली किंवा आकडे तुमच्याकडे ठेवू नका. शिवाय अपात्र माणसाला जाणूनबुजून बंदूक देणाराही ९२२(डी) खाली अडकतो. शेजाऱ्याला हे नीट समजावून सांगा. त्यानं मदत म्हणूनच रायफल दिली असणार.

सासऱ्यांचा कोल्हापूरचा परवाना इथे चालत नाही. बी-२ वर आलेल्या माणसाला टेक्सासचा अनिवासी शिकार परवाना काढावा लागेल. पाच दिवसांचा स्वस्त अनिवासी परवाना घेऊ नका, त्यात पांढऱ्या शेपटीचं हरीण येत नाही. सर्वसाधारण अनिवासी परवानाच हवा. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशन (शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम) सक्तीचं आहे. सासरे त्याआधी जन्मले असतील तर त्यांना सूट आहे, पण तुम्हाला बहुधा नसेल. सतरा वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला हा अभ्यासक्रम पूर्ण ऑनलाइन करता येतो. एकदाच मिळणारी मुदतवाढही आहे, पण मग जाणता, परवानाधारक साथीदार हाकेच्या अंतरावर हवा. त्या वाटेला न जाता अभ्यासक्रम करून टाका. आणि ज्या कुटुंबात कुणालाही बंदुकीचा सराव नाही, त्यांनी आधी रेंजवर जाऊन मगच रानात उतरावं. रेंजवर जातानाही परवाना खिशात असू द्या.

कायोटी मारावेत का, हा प्रश्न तुम्ही कायद्याचा म्हणून विचारला असला तरी उत्तर रानात आहे. लानो आणि आसपासच्या भागात हरणांची दाटी टेक्सासात सर्वाधिक गणली जाते. तिथली अडचण पाडसं कमी पडण्याची नसून हरणं जास्त झाल्यानं झुडपं खाऊन संपण्याची आहे. कायोटी पाडसं खातात हे खरं, बहुतेक जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. पण एका कायोटीचा वावर काही चौरस मैलांचा असतो, आणि चौरस मैल म्हणजे ६४० एकर. चाळीस एकरांवर दोन मारले तर शेजारून दोन येतात, उरलेल्या माद्यांना पिल्लंही जास्त होतात. संख्या खरोखर घटवायची तर दरवर्षी सत्तर टक्क्यांच्या आसपास काढावे लागतात, असं जुनी गणितं सांगतात. तुम्हाला ते शक्य नाही. त्यापेक्षा गवत गुडघाभर उंच राहू द्या, पाडसं त्यातच लपतात. मे-जूनमध्ये कायोटीच्या माद्यांना पिल्लं असतात. तेव्हा त्यांना गोळी घालून बिळातली पिल्लं उपाशी मारण्याला मी शिकार म्हणणार नाही. शेळ्यांचं नुकसान रोखायचं असेल तर शेजाऱ्यानं राखणदार कुत्रे, जाळीचं कुंपण आणि काउंटी एक्स्टेन्शन (कृषी-मार्गदर्शन) कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

मांसात कीटकनाशक घालून ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. लेबलबाहेर कीटकनाशक वापरणं केंद्रीय गुन्हा आहे. ते मांस गरुडानं खाल्लं तर दुसरा गुन्हा, आणि शेजाऱ्याच्या कुत्र्यानं खाल्लं तर प्राणिक्रूरतेचा तिसरा.

हरणाबाबत तीन गोष्टी सांभाळा. तुमची गोळी जाणूनबुजून हद्दीपलीकडे गेली तर तो गुन्हा आहे, पलीकडच्या मालकाचा लेखी करार असल्याशिवाय. चाळीस एकरांत हद्द कधीच लांब नसते, म्हणून मचाण जागेच्या मध्याकडे ठेवा आणि उंचावरून खाली, जमिनीत रुतेल असा नेम धरा. दुसरं, जखमी हरीण शोधण्याचा वाजवी प्रयत्न करणं कायद्यानं बंधनकारक आहे. फुफ्फुसात लागलं तर अर्धा तास थांबा. पोटात लागलं तर सहा-आठ तास थांबावं लागतं, आणि त्या रात्रीत कायोटी ते शोधून काढतात. याचा उपाय म्हणजे संध्याकाळच्या शेवटच्या उजेडात शंकास्पद गोळी न झाडणं. तिसरं, जखमी हरीण कुंपण ओलांडून गेलं तर परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. कुंपणाच्या खांबावर जांभळा पट्टा दिसला तर तो प्रवेशबंदीच्या फलकाइतकाच बंधनकारक आहे. मालक नाही म्हणाला तर गेम वॉर्डनला (राज्याच्या वन्यजीव अधिकाऱ्याला) फोन करा, पण तोही मालकावर सक्ती करू शकत नाही. म्हणून हंगामाआधीच चारही शेजाऱ्यांचे नंबर घेऊन लेखी संमतीपत्रं करून ठेवा.

शेवटी जमिनीच्या करासाठी. आधीच्या वर्षी रानाला शेतीमूल्यांकन (शेतजमीन म्हणून कमी कराची आकारणी) होतं असं गृहीत धरतो. मग वन्यजीव व्यवस्थापनाखाली ते चालू ठेवता येतं. सात कामांपैकी तीन लागतात: अधिवास, धूप-नियंत्रण, भक्षक-नियंत्रण, पाणी, खाद्य, निवारा, गणना. कायोटी मारले नाहीत म्हणून हे मूल्यांकन जात नाही. पाणी, गणना आणि अधिवास ही तीन कामं तुम्हाला सोपी पडतील. फॉर्म ५०-१२९ आणि व्यवस्थापन आराखडा काउंटी अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे (करासाठी जमिनीचं मूल्य ठरवणाऱ्या कार्यालयाकडे) ३० एप्रिलपर्यंत द्या. तुमचं रान गेल्या वर्षी मोठ्या तुकड्यातून तोडलेलं असेल तर किमान क्षेत्राची वेगळी अट लागते, ती अर्जाआधी विचारून घ्या.

सहकाऱ्यांकडून पैसे घेऊन शिकारीला जागा द्यायचा विचार असेल तर राज्याचा हंटिंग लीज (शिकारीसाठी जागा भाड्यानं देण्याचा) परवाना सध्या लागतो का, ते आधी विचारून घ्या. भाडं घेता येईल. पण पैसे घेऊन वाट दाखवणं किंवा हरीण सोलून देणं ही नोकरीबाहेरची कमाई ठरते, आणि एच-१बीवर ती करता येत नाही.