युद्धोत्तर इटालियन नोटा जमवायच्या आहेत, कमी पैशांत सुरुवात कुठून करू?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलीच्या नोटा जमवायला सुरुवात कुठून करावी, आणि काकांनी दिलेली, चित्रकार काराव्हाज्जोची छबी असलेली एक लाख लिराची नोट आज बदलून मिळेल का.

नोटेचं आधी सांगतो. नाही मिळणार. लिरा २८ फेब्रुवारी २००२ ला चलनातून गेली आणि नोटा बदलून देणंही केव्हाच बंद झालं. दर होता एका युरोला १९३६.२७ लिरा, म्हणजे तेव्हाही लाखाचे जेमतेम ५१ युरो हातात पडायचे. पण ती विकू नका. मागच्या बाजूची फळांची टोपली पाहा, ते काराव्हाज्जोचंच चित्र आहे. एवढी देखणी नोट घरात आयती आली आहे.

आता संग्रह. बरेचजण मोठ्या आकड्यांच्या नोटांमागे धावतात. मी म्हणेन, सह्यांवरून जमवा. या नोटांवर इटलीच्या मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरची आणि कॅशियरची सही असते. १९४५ पासून लिरा जाईपर्यंत गव्हर्नर झाले सहाच: ऐनाउदी, मेनिकेल्ला, कार्ली, बाफ्फी, चाम्पी, फात्सिओ. त्यातले ऐनाउदी आणि चाम्पी पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले!

सहापैकी चार सह्या दोन स्वस्त नोटांत मिळतात. पहिली १९६९ पासूनची संगीतकार व्हेर्दीची १००० लिरा, मागे मिलानचं ला स्काला नाट्यगृह. हिच्यावर वर्षानुसार कार्ली, बाफ्फी किंवा चाम्पी यांची सही असते. दुसरी १९९० पासूनची मारिया माँटेसरींची १००० लिरा, चाम्पी आणि फात्सिओ यांच्या सह्यांची. मागे अभ्यास करणारी मुलं आहेत. युद्धाच्या काळात माँटेसरीबाई मद्रासला अड्यारमध्ये होत्या, आणि त्यांच्या विचारांवर गिजुभाई आणि ताराबाई मोडकांनी आपल्याकडे बालशिक्षण उभं केलं. मराठी माणसाच्या संग्रहात ही नोट हवीच, असं मला मनापासून वाटतं.

या दोन्ही कोऱ्याच घ्या. कोरीची खात्री करायला नोट उजेडात तिरकी धरा. इस्त्री करून सरळ केलेल्या नोटेतही घडीची रेघ दिसते आणि छपाईचा उठाव बोटाला सपाट लागतो.

ऐनाउदी आणि मेनिकेल्ला यांना वेळ लागेल, पैसेही. १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांनी डॉलरला १०० लिरा असा दर लावला होता, १९४९ पर्यंत तो ६२५ वर गेला. महागाई अशी भडकल्यावर पाच आणि दहा हजारांच्या भल्यामोठ्या नोटा काढाव्या लागल्या. त्या बहुधा घड्या पडलेल्याच मिळतात, तिथे कोरेपणाचा हट्ट सोडा.

दोस्त सैन्याने इटलीत चालवलेल्या १९४३ च्या लिराही बघून ठेवा. अमेरिकेत छापलेल्या, मागे इंग्रजीत चार स्वातंत्र्यं: बोलण्याचं, धर्माचं, गरजेपासून आणि भीतीपासून. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांच्यासारखे मराठा पलटणींचे जवान इटलीत लढले. ओळखीत कुणाचे पणजोबा तिकडे होते का, विचारून पाहा.

लॅमिनेशन आणि सेलोटेप अजिबात नको. साधं पीव्हीसीचं पाकीटही नको, पावसाळ्यात ते नोटेला चिकटतं. पॉलिएस्टरची पाकिटं घ्या. आणि ऐनाउदीची नोट ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे उजेडासमोर धरलेला फोटो मागा. टाचण्यांची भोकं आणि मागून चिकटवलेले तुकडे त्यात लगेच दिसतात.