घरचा छोटा मायनिंग पूल लावताय? आधी नोडकडे बघा

अरे, बिटकॉइन मायनिंग पूलचं, म्हणजे अनेकांची मायनिंग मशीनं एका ठिकाणी जोडणारं, सॉफ्टवेअर हा सगळ्यात सोपा भाग आहे, खरं काम नोडचं, म्हणजे बिटकॉइन नेटवर्कशी जोडलेल्या, सगळे व्यवहार तपासणाऱ्या कॉम्प्युटरचं. बिटकॉइन कोअर (नोड चालवायचं सॉफ्टवेअर) टाक, १ टीबीची एसएसडी घे, हार्ड डिस्कवर सिंक (आतापर्यंतचे सगळे ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचे गठ्ठे, उतरवून तपासणं) करायच्या फंदात पडू नकोस, आणि सिंक पूर्ण होईपर्यंत थांब, कारण अर्धवट सिंक झालेला नोड ब्लॉक टेम्प्लेटच (पुढच्या ब्लॉकचा कच्चा आराखडा, ज्यावर मशीन काम करतं) देत नाही आणि मग नवीन माणूस पूलमध्ये बग शोधत रात्र घालवतो (मी दोन रात्री घालवल्यात). जागा कमी असेल तर प्रून केलेला (जुने ब्लॉक पुसून टाकणारा) नोडही चालतो.

त्यावर सीकेपूल हे पूलचं सॉफ्टवेअर बसव. सोलो मोडमध्ये प्रत्येकजण आपला बिटकॉइन पत्ता युजरनेम म्हणून टाकतो आणि ज्याला ब्लॉक सापडला बक्षीस त्याच्याच पत्त्यावर जातं, म्हणून मित्रांमध्ये हिशोबाची भांडणं होत नाहीत, मला हाच प्रकार आवडतो. नवा ब्लॉक आल्याचं नोटिफिकेशन नीट लाव, नाहीतर मशीन जुन्याच कामावर वीज जाळत बसतं. नोडला आदेश द्यायचा ८३३२ पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नकोस, अजिबात नाही! मित्र बाहेरून जोडणार असतील तर व्हीपीएन.

आणि पैशाचं स्पष्ट सांगतो, एका ब्लॉकचं बक्षीस ३.१२५ बिटकॉइन आहे पण १ टेराहॅशच्या (सेकंदाला एक लाख कोटी प्रयत्न करणाऱ्या) छोट्या मशीनला ते मिळायला सरासरीने हजारो वर्षं लागतील. शिवाय भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर ३०% कर आहे आणि त्यातून वीजबिल वजा होत नाही. शिकायचं असेल तर मात्र जरूर लाव, आधी टेस्टनेटवर (खऱ्या पैशांशिवायचं, सरावाचं नेटवर्क) चालवून बघ, अडलास तर लॉग फाइल घेऊन ये.