सपाट बर्फावर दोर कशाला?

प्रश्न : ऑगस्टमध्ये आम्ही तिघे गाईडसोबत स्वित्झर्लंडमधलं ब्राइटहॉर्न (४,१६४ मी.) चढणार आहोत. वाट बरीचशी सपाट दिसते. मग चौघांनी एकाच दोरात का अडकायचं? एक पडला तर बाकीचेही ओढले जातील ना? आणि माझे दहा वर्षांपूर्वीचे ट्रेकिंगचे बूट चालतील का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : सपाट दिसतं ते हिमनदीचं पठार. केबलकारने सुमारे ३,८२० मीटरवर उतरलात की थोड्या वेळात तुम्ही त्यावरच असता. हिमनदी सरकते, सरकताना तडकते आणि भेगेवर बर्फ साचून पूल तयार होतो. वरून काहीच दिसत नाही. पहाटे हा पूल कडक असतो, उन्हं चढली की भुसभुशीत. गाईड लवकर निघायची घाई करतो ती त्यासाठी.

ओढले जाण्याची भीती रास्त आहे, पण ती ढिल्या दोराची. दोन मीटर ढील असेल तर पडणारा तेवढा मोकळा खाली जातो आणि दोर ताणला जाईपर्यंत ताशी २२ किमीच्या वेगाला पोचतो. तो झटका मागच्याच्या कंबरेला बसतो. ढील नसेल तर बहुतेक वेळा माणूस कंबरेपर्यंत, फार तर छातीपर्यंत रुतून थांबतो. चौघांत दोघांमधलं अंतर ८ ते १० मीटर ठेवतात. दोर मध्ये बर्फाला जेमतेम टेकावा. ढील येते वळणावर, पुढचा थांबल्यावर आणि सर्वांत जास्त फोटो काढताना. दोराची वेटोळी हातात घेऊन चालू नका, ती नुसती हातात धरलेली ढीलच. दोरावर क्रॅम्पॉनचा (बुटाखाली बांधायच्या धातूच्या काट्यांचा) पाय तर अजिबात नको, आतले धागे तुटले तरी बाहेरून कळत नाही.

कोणी पडलाच तर बाकीच्यांनी जागीच मागे बसायचं, टाचा रुतवायच्या आणि भार पेलायचा. डोकावायला जायचं नाही. काठाखालीच पोकळी असते. पुढचं गाईड बघेल. शिखराखालच्या उतारावर प्रकार वेगळा. तिथे घसरणं हाच धोका, म्हणून गाईड दोर आखूड करून तुम्हाला जवळ घेतो.

उंचीचं एवढंच : मुंबईहून उतरून दुसऱ्याच दिवशी वर जाऊ नका, आधी दोन-तीन रात्री पायथ्याच्या झरमॅट गावात काढा.

आता बूट. माळ्यावर पडून राहिलेल्या बुटांवर आमचा विश्वास नाही. तळव्यातला पॉलियुरेथेनचा थर दमट हवेने आतून कुजतो, बूट वापरला नसला तरी. मुंबईचे दहा पावसाळे त्याला पुरेसे. तळव्यावर बाजूने हाताचा अंगठा जोरात दाबा. चुरा पडला किंवा बारीक भेगा दिसल्या तर तळवा चढणीवरच सुटेल. तो शाबूत असला तरी साधा ट्रेकिंगचा बूट वाकतो आणि वाकणाऱ्या बुटावरून क्रॅम्पॉन निसटतो. कडक तळव्याचे बूट झरमॅटला भाड्याने मिळतात. दुकानातच क्रॅम्पॉन चढवा आणि पट्टा न आवळता बूट उचलून हलवा. क्रॅम्पॉन गळून पडला तर माप चुकलंय.