वाचकांचे प्रश्न : डिस्क गोल्फसाठी ओव्हरस्टेबल फेअरवे ड्रायव्हर (मध्यम-लांब फेकीची डिस्क) कोणता घ्यावा?

प्रश्न : मी डिस्क गोल्फ उजव्या हाताने खेळतो. टीबर्ड या डिस्कने माझी बॅकहँड फेक जेमतेम ७५ मीटर जाते. समोरून वारा असला की डिस्क उजवीकडे कलते ती परत येतच नाही आणि फोरहँडला तर हमखास उलटते, म्हणजे डावीकडे कलून जाते. फायरबर्ड घ्यावी की थंडरबर्ड? वजन आणि प्लास्टिक कोणते निवडावे?

उत्तर : डिस्कवरचे चार आकडे अनुक्रमे वेग, ग्लाइड (हवेत तरंगत राहणे), टर्न (वेगात असताना कलणे, तुमच्या बॅकहँडला उजवीकडे) आणि फेड (वेग ओसरल्यावर वळणे, तुमच्या बॅकहँडला डावीकडे) दाखवतात. टर्नला दाद न देता फेडकडे झुकणारी डिस्क ती ओव्हरस्टेबल, सहज टर्न घेणारी ती अंडरस्टेबल. उत्पादक कंपनी इनोव्हाच्या आकड्यांनुसार टीबर्ड ७, ५, ०, २ आहे, थंडरबर्ड ९, ५, ०, २ आणि फायरबर्ड ९, ३, ०, ४. टर्न आणि फेड या दोन्ही बाबतींत थंडरबर्ड आणि तुमची टीबर्ड सारख्याच असल्याने, नुसता वेग वाढवून तुमची तक्रार दूर होणार नाही. फायरबर्ड वाऱ्याला दाद देत नाही हे खरे. पण ७५ मीटरच्या फेकीत नऊ वेगाच्या डिस्कला पुरेशी गती मिळत नाही आणि ती लवकरच डावीकडे वळून खाली बसते. म्हणून माझे मत तुम्ही न विचारलेल्या बॅन्शीच्या बाजूने पडते. तिचे आकडे ७, ३, ०, ३ आहेत. वेग टीबर्डइतकाच असल्याने कडेची रुंदी आणि पर्यायाने पकड फारशी बदलत नाही आणि फेड मात्र एका अंकाने वाढतो.

तरीही खरेदीपूर्वी एक शंका फेडून घ्यावी. चांगल्या स्थितीतली टीबर्ड ७५ मीटरच्या फेकीत सहसा उलटत नाही. समोरच्या वाऱ्यात डिस्कचा हवेशी असलेला सापेक्ष वेग वाढतो आणि ती अधिक अंडरस्टेबल वागते, हे एक कारण झाले. पण तुमची डिस्क डीएक्ससारख्या साध्या प्लास्टिकची असेल, तर झाडांवर आपटून तिची कड झिजली असण्याचा संभव आहे, आणि झिजलेली डिस्क टर्न घेऊ लागते. कडेवरून बोट फिरवून खरचटे आणि दबलेले भाग तपासा. त्यानंतर वारा नसताना जमिनीला समांतर, सपाट फेक करा. डिस्क हातातून सुटतानाच डगमगत असेल, तर दोष मनगटाचा आहे. फोरहँडमध्ये तो विशेष आढळतो, आणि ओव्हरस्टेबल डिस्क तो झाकते, घालवत नाही.

प्लास्टिक चॅम्पियनसारखे टिकाऊ घ्यावे, कारण ओव्हरस्टेबल डिस्क आपण घेतो ती तिच्या भरवशाच्या वळणासाठी, आणि ते वळण झिजेबरोबर जाते. वजनाची कमाल मर्यादा पीडीजीए या डिस्क गोल्फच्या संघटनेच्या नियमानुसार व्यासाच्या दर सेंटीमीटरला ८.३ ग्रॅम असल्यामुळे, सुमारे २१ सेंटीमीटर व्यासाची डिस्क १७५ ग्रॅमच्या आसपास भरते. वाऱ्यासाठी १७० ग्रॅमच्या वरची निवडावी.

एकाच साच्यातल्या डिस्कही एकसारख्या निघत नाहीत. शक्य असेल तर दोन-तीन नग शेजारी ठेवून डोळ्यांच्या पातळीवर आणून पाहा : माथा जितका सपाट आणि कडेवरची जोडरेषा (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ) जितकी उंच, तितकी डिस्क सहसा अधिक ओव्हरस्टेबल असते. पाठीमागून वारा असताना मात्र ती लवकर खाली बसेल, तेव्हा टीबर्ड पिशवीतून काढू नका.