वाचकांचे प्रश्न : जपानी बाणाचं फळ

प्रश्न : जपानी बाणाला बेळक्यासारखं दुतोंडी फळ असतं. ते घुसतं कसं? गावच्या लोहाराकडून ट्रकच्या पाट्याचं असं एक फळ कपाटात मांडायला करून घेता येईल का?
– वाचक, खानापूर

उत्तर : या फळाला कारिमाता म्हणतात. ते घुसायला नव्हे, कापायला. म्हणून धार दोन फाट्यांच्या आतल्या बाजूला असते. चिलखतासाठी अरुंद, जाड फळं वेगळी. कारिमाता बरेचदा काबुरा नावाच्या पोकळ बोंडापुढे बसवत. बोंडाला भोकं असल्याने बाण शीळ घालत जातो आणि लढाईची सुरुवात अशा बाणांनी होई. ११८५ साली याशिमाच्या लढाईत नासु नो योइची या तिरंदाजाने नावेवरचा पंखा काबुराच्याच बाणाने पाडला, अशी कथा आहे.

पाट्याचं फळ नक्की होईल, पण खरं काम शेपटीत आहे. ती बांबूच्या पोकळीत शिरते, म्हणून लांब आणि निमुळती हवी. शेपटी जिथे फळाला मिळते तिथे खांदा ठेवायला सांगा. खांदा बांबूच्या काठावर टेकला नाही, तर शेपटी पाचरीसारखी आत सरकते आणि बांबू उभा चिरतो. जपानी कारागीर त्या तोंडावर दोरा घट्ट गुंडाळून उरुशी (झाडाच्या चिकाचं रोगण) देत, तेही याचसाठी.

आधी शेपटी ओढून घ्यावी, मग फळ चपटं करावं. चीर जिथे संपणार तिथे ३-४ मिमीचं भोक पाडावं आणि मगच छिन्नी मारून फाटे उघडावेत. भोक नसलं तर तडा हमखास त्याच कोपऱ्यातून जातो. पाणी द्यायचं, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक करायचं, ते फक्त फळाला, आणि तेही तेलात. पाट्याचं पोलाद पाण्यात बुडवलं की तडकतं. चुंबक चिकटेनासं झालं की अजून थोडं तापवून बुडवा. नंतर घासून चकचकीत करा आणि फिकट पिवळा रंग चढेपर्यंत, म्हणजे साधारण २२० अंशांपर्यंत, पुन्हा गरम करा. हे राहिलं तर फळ काचेसारखं फुटेल. शेपटी मऊच ठेवा. कपाटात मांडायचंय, तर धार लावूच नका.

प्रश्न : जुनं जपानी फळ विकत घेतलंय. शेपटीवरचा गंज काढू का?
– वाचक, निपाणी

उत्तर : नको. शेपटीवर कधी कारागिराची सही असते आणि तिथला काळपट थर वयाची खूण असतो. फळावर लाल गंज असेल तर पातळ मशीन तेल आणि सुती कापड पुरे. तांब्याच्या भांड्यासारखी चिंच लावू नका, आम्ल पोलाद खातं. ठेवायला हवाबंद डबा आणि सिलिका जेल. चामड्याचं पाकीट नको, ते ओल धरतं. पावसाळ्यात पुडी वरचेवर बदला.