दिवाण आधी की दिवाणखाना?

प्रश्न : आमच्या बाहेरच्या खोलीत एक दिवाण आहे. दिवसा त्यावर पाहुणे बसतात, रात्री कोणीतरी झोपते आणि त्याच्या पोटात जास्तीच्या गाद्या-उशा असतात. ज्या खोलीत दिवाण ठेवतात ती खोली म्हणजे दिवाणखाना, असे मी आजवर मुलांना सांगत आले. परवा धाकट्याने विचारले की, मग राजाचा दिवाण कोण, आणि दिवाणी न्यायालयात कसला दिवाण ठेवलेला असतो? मला उत्तर देता आले नाही. हा शब्द एकच आहे, की वेगवेगळे शब्द योगायोगाने सारखे झाले आहेत?

उत्तर : धाकट्याची शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर देताना आपल्याला आपले वाक्य उलटे करावे लागेल. दिवाणखाना हा शब्द मराठीत कधीचाच रुळलेला होता. त्यात ठेवायचा दिवाण त्या मानाने फार उशिरा आला. राजाचा दिवाण, दिवाणी न्यायालय, दिवाणखाना आणि आपल्या बाहेरच्या खोलीतील दिवाण हे चौघेही ‘दीवान’ या एकाच फारसी शब्दाच्या कुळातले आहेत. त्या कुळात बसण्याझोपण्याचा दिवाण हे शेंडेफळ आहे, एवढेच.

फारसीतील ‘दीवान’ या शब्दाच्या मुळाशी लाकूड नाही आणि गादीही नाही. तेथे आहे लिहिलेला कागद. नोंदवही, नोंदींचा संग्रह, दप्तर हा त्याचा जुना अर्थ. सातव्या शतकात दुसरा खलिफा उमर याने सैनिकांच्या आणि इतर हक्कदारांच्या नेमणुकांची जी नोंदपट्टी तयार करवली, तिला अरबांनी हाच इराणी शब्द लावला. पुढे जे घडले ते आपल्या बोलण्यातही रोज घडत असते. वही ज्या कचेरीत ठेवली जाते त्या कचेरीला वहीचे नाव मिळाले. कचेरीत बसून निर्णय घेणाऱ्या मंडळींच्या सभेला कचेरीचे नाव मिळाले. सभा ज्या दालनात भरे त्या दालनालाही तेच नाव चिकटले. आणि शेवटी त्या दालनात भिंतीलगत जे लांबच लांब, ठेंगणे, गाद्यागिरद्यांनी मढवलेले आसन असे, त्यालाही लोक दिवाणच म्हणू लागले.

हा प्रवास चमत्कारिक वाटत असेल, तर आपण आपला ‘बैठक’ हा शब्द घ्यावा. जमिनीवर घातली जाते ती बैठक, माणसे चर्चेला जमतात ती बैठक, ज्या खोलीत जमतात ती बैठकीची खोली, मांडी घालून ऐकायची ती बैठकीची लावणी, आणि लेखनामागे वैचारिक बैठक हवी असे आपण म्हणतो तीही बैठकच. यांपैकी कोणता अर्थ कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. ‘गादी’ हा शब्द मात्र नेमका उलट्या दिशेने चालत गेला आहे. कापसाने भरलेली साधी गादी राजाच्या खाली गेली आणि सत्तेचे नाव झाली. दिवाण सत्तेच्या दालनातून निघाला आणि कापसाच्या गादीखाली येऊन पडला.

हे शेवटचे स्थित्यंतर मुख्यतः तुर्कांच्या राज्यात दिसते. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात उस्मानी सुलतानाचे मंत्रिमंडळ भरे, त्याला ‘दीवान-ए-हुमायून’ म्हणत, आणि त्या दालनात भिंतींना लागून वजीर व इतर मानकरी यांच्यासाठी बैठी आसने होती. युरोपीय वकील आणि प्रवासी तेथे जाऊन आले, त्यांनी सभेचे नाव ऐकले आणि आसनही पाहिले. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात शिरला तेव्हा त्याचा अर्थ तुर्की राजसभा असाच होता. बसण्याचे आसन हा अर्थ त्यानंतर सुमारे शतकभराने, अठराव्या शतकाच्या तोंडावर दिसू लागतो. मग युरोपातील सुतारांनी भिंतीला जखडलेले ते आसन सुटे केले, त्याला पाय दिले, आणि पाठ व हात नसलेला, दिवसा बसायला व रात्री झोपायला चालणारा दिवाण घरोघर गेला.

आता आपल्याकडे येऊ. दिल्लीच्या सुलतानांच्या काळात दीवान म्हणजे सरकारी खाते. महसूल पाहणारे ते दीवान-ए-विजारत, लष्कर पाहणारे ते दीवान-ए-अर्ज, पत्रव्यवहार पाहणारे ते दीवान-ए-इन्शा. मोगलांच्या सुभ्यात शब्द खात्यावरून माणसावर आला. सुभेदाराकडे फौज आणि बंदोबस्त, तर दिवाणाकडे वसूल आणि हिशेब, अशी विभागणी असे, आणि दोघांनी एकमेकांवर नजर ठेवावी अशीच ती योजना होती. त्याच वेळी दालनाचा अर्थही जिवंत होता. शाहजहानने १६३९ ते १६४८ या काळात बांधलेल्या दिल्लीच्या लाल किल्ल्यातील दीवान-ए-आम आणि दीवान-ए-खास ही दोन दालने त्याची साक्ष देतात. जुन्या मराठी कागदपत्रांत तर ‘दिवाण’ हा शब्द थेट ‘सरकार’ या अर्थानेही येतो. पुढे संस्थानांच्या मुख्य कारभाऱ्याचे ते अधिकृत पदनामच झाले, टी. माधवराव यांनी त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केली, तर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९१२ ते १९१८ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. आणि सावकाराच्या पेढीवर कानाला लेखणी लावून खतावणीत मान घातलेले जे दिवाणजी असत, त्यांच्यापाशी तर शब्द फिरून पुन्हा आपल्या मूळ वहीजवळ येऊन बसला होता.

दिवाणी न्यायालयातील दिवाण हा असा, मोगली महसूल खात्यातला आहे. जमीन, वसूल, देणेघेणे यांचे तंटे दिवाणाच्या अखत्यारीत येत, आणि मारामारी, चोरी, खून यांचा निवाडा फौजदाराच्या बाजूला जाई. १७६५ मध्ये बादशहा शाह आलम दुसरा याने बंगाल, बिहार आणि ओरिसा यांची ‘दिवाणी’ ईस्ट इंडिया कंपनीला दिली, म्हणजे तेथील वसुलीचा आणि त्याला जोडून येणाऱ्या न्यायाचा अधिकार दिला. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने जिल्ह्या-जिल्ह्यांत दिवाणी अदालत आणि फौजदारी अदालत अशी दोन न्यायालये वेगळी उभी केली. बादशाही गेली, कंपनीही गेली, पण पैशाअडक्याचा व मालमत्तेचा दावा तो दिवाणी आणि गुन्ह्याचा खटला तो फौजदारी ही जोडी टिकून राहिली. १९०८ च्या कायद्यालाही आपण ‘दिवाणी प्रक्रिया संहिता’ असेच म्हणतो. तेव्हा धाकट्याला सांगावे की, त्या न्यायालयात दिवाण ठेवलेला नाही. तो केव्हाच निवृत्त झाला आणि आपले नाव मागे ठेवून गेला.

राहिला दिवाणखाना. ‘खाना’ म्हणजे फारसीत घर किंवा जागा. कारखाना, दवाखाना, तोफखाना यांत तोच आहे. जेथे दिवाण भरतो, म्हणजे कारभाराची बैठक होते, ते दालन दिवाणखाना. सरदार-इनामदारांच्या वाड्यांत बाहेरच्या माणसांना भेटण्याची, हिशेब ऐकण्याची आणि तंटे तोडण्याची जी मोठी खोली असे, तिला हे नाव मिळाले आणि तेथून ते साध्या घराच्या दर्शनी खोलीपर्यंत उतरले. त्या जुन्या दिवाणखान्यातील सामानाची नावे आपण आठवून पाहावीत : जाजम, सतरंजी, गालिचा, गादी, लोड, तक्क्या, गिरदी. या यादीत दिवाण नाही. बसायला दिवाण असता, तर लोडतक्क्यांच्या जोडीला त्याचेही नाव आले असते. माझ्या मते आसनाच्या अर्थाचा दिवाण आपल्याकडे तुर्कस्तानातून युरोपला आणि युरोपातून इंग्रजीमार्गे फिरून आला, आणि मराठीत पाऊल टाकताच त्याला आपला जुना भाऊ भेटल्यामुळे तो परका वाटलाच नाही. एरवी सोफा, कोच, सेटी हे शब्द परक्या पोशाखातच वावरतात. दिवाणाला मात्र आपण जन्मापासून घरचा समजतो.

आपल्या दिवाणाची फळी उचलून आत डोकावल्यास कुळाची आणखी एक खूण सापडेल. वर माणसे बसलेली आणि आत जपून ठेवलेला ऐवज, हे मूळ दिवाणाचेच काम होते. तेव्हा आत वह्या असत, आता रजया असतात. हा अर्थात योगायोग आहे, व्युत्पत्ती नाही, हे मुलांना सांगताना विसरू नये.

प्रश्न : ‘दिवाण’ या शब्दाचा ‘लिपी’ या शब्दाशी संबंध आहे, असे एका व्याख्यानात ऐकले. हे ओढूनताणून केलेले वाटते. यात तथ्य आहे काय?

उत्तर : वाटते खरे तसे, पण तथ्य आहे. प्राचीन सुमेरी भाषेत मातीच्या ज्या पाटीवर अक्षरे कोरत तिला ‘दुब्’ म्हणत. अक्कादी भाषेत तिचे ‘तुप्पु’ झाले, आणि एलामी भाषेतून तो शब्द जुन्या फारसीत ‘दिपि’ म्हणून आला. प्राचीन इराणचा सम्राट दारयवहू पहिला (डरायस) याच्या बेहिस्तून येथील शिलालेखात, लिहिलेला लेख या अर्थी हाच ‘दिपि’ आहे. लिहिणारा तो ‘दबीर’ आणि लेखनाचा संग्रह तो ‘दीवान’, हे दोन्ही शब्द बहुतेक अभ्यासक याच ‘दिपि’पासून काढतात.

भारताच्या वायव्य सीमेवर तो शब्द जवळजवळ जसाच्या तसा पोहोचला. अशोकाच्या शिलालेखांत गिरनार येथे ‘धंमलिपी’ असे कोरले आहे, तर शाहबाजगढी आणि मानसेहरा येथील, खरोष्ठी या वायव्येकडील जुन्या लिपीत कोरलेल्या लेखांत त्याच जागी ‘दिपि’ असलेले रूप आहे. राजा एक, मजकूर एक, आणि इराणच्या जवळ गेले की ‘ल’च्या जागी ‘द’. पाणिनीच्या एका सूत्रातही ‘लिपि’ आणि ‘लिबि’ अशी दोन रूपे शेजारीशेजारी बसलेली दिसतात, यावरून तोंडोतोंडी हा शब्द अजून पुरता स्थिरावला नव्हता असे वाटते. म्हणजे आपण मराठी ज्या लिपीत लिहितो ती लिपी आणि आपण ज्यावर पाय पसरतो तो दिवाण ही एकाच मातीच्या पाटीची दूरची नातवंडे होत.

‘डबीर’ हे मराठी आडनावही याच घरातले. शिवकाळात परराष्ट्रव्यवहार पाहणाऱ्या प्रधानाला डबीर म्हणत, आणि अष्टप्रधानांना संस्कृत नावे दिली गेली तेव्हा त्याचा ‘सुमंत’ झाला. ‘दप्तर’ मात्र या घरातले नाही, जरी ते आयुष्यभर दिवाणाच्या मांडीला मांडी लावून बसले. ते ग्रीक भाषेतील ‘दिफ्थेरा’ म्हणजे कातडे या शब्दापासून आले, कारण एके काळी लेखन कातड्यावर होत असे.

प्रश्न : प्रेमात ‘दिवाणा’ झालेला माणूस आणि ‘दिवाण’ यांचे काही नाते?

उत्तर : नाही. ‘दीवाना’ हा शब्द ‘दीव’पासून आला. दीव म्हणजे इराणी कथांतील राक्षस. ज्याला दीवाने झपाटले तो दीवाना. गंमत अशी की, हा ‘दीव’ आणि आपला ‘देव’ मुळात एकच. आपण ज्याला हात जोडले त्याला इराणी परंपरेने दुष्टांच्या रांगेत बसवले. मराठीने मात्र दोन्ही शब्दांतील ‘न’चा ‘ण’ करून त्यांना जुळ्या भावांसारखे करून टाकले. ‘निशान’चे आपण ‘निशाण’ केले तेही असेच; ‘दुकान’ आणि ‘मैदान’ यांना मात्र हात लावला नाही.

या दोन शब्दांची गाठ मारण्याचा मोह जुना आहे. कोणा इराणी बादशहाने आपले कारकून हिशेब करताना स्वतःशीच पुटपुटताना पाहिले आणि तो ‘दीवाने!’ असे उद्गारला, त्यावरून कचेरीला दीवान म्हणू लागले, अशी कथा जुन्या अरबी ग्रंथांत सांगितलेली आहे. वर्षअखेरीचा ताळेबंद जुळवणाऱ्या माणसाला जवळून पाहिलेल्या कोणालाही ती पटेल. व्युत्पत्ती म्हणून तिला किंमत नाही.

प्रश्न : कवीच्या संग्रहाला ‘दीवान’ का म्हणतात?

उत्तर : नोंदवहीचा अर्थ तेथे शुद्ध स्वरूपात राहिला आहे. कवीच्या रचना एकत्र नोंदवलेली वही तो त्याचा दीवान, आणि त्यातील गझला बहुधा शेवटच्या अक्षरानुसार लावलेल्या असतात, अगदी खतावणीसारख्या. गालिब यांचा उर्दू दीवान १८४१ मध्ये दिल्लीत छापला गेला. त्याआधी १८१९ मध्ये जर्मन महाकवी ग्योटे यांनी फारसी कवी हाफिजच्या प्रभावाखाली लिहिलेल्या आपल्या संग्रहाच्या नावातच ‘दीवान’ हा शब्द घेतला होता. युरोपच्या दक्षिणेत मात्र या शब्दाच्या नशिबी कविता आली नाही. अरबांशी व्यापार करणाऱ्या बंदरांत दिवाण म्हणजे जकातीची कचेरी, म्हणून इटालियन ‘दोगाना’, फ्रेंच ‘दुआन’ आणि स्पॅनिश ‘आदुआना’ या तिन्ही शब्दांचा अर्थ जकातनाका असा होतो. स्पॅनिश रूपाच्या आरंभीचा ‘आ’ म्हणजे अरबी भाषेत नामाला लागणारे उपपद. ते शब्दासकट सीमा ओलांडून गेले आणि तिकडचेच होऊन राहिले.